एकही धागा न सोडणारी पिशवी

मी एक जुनी पिशवी आहे. बाजारात नेतात तसली नव्हे, मित्रांनो. मी रस गाळायची पिशवी. वीतभर रुंद, दीड वीत लांब, अंग मलमलीचे आणि तोंडाशी नाडी. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू आपण किती सोसले आणि किती झिजलो, हे आधी सांगतात. मीही झिजले आहे, ते ओघाने येईलच. पण माझी खरी गोष्ट झिजण्याची नाही, जळण्याची आहे. दुसऱ्याचे बरे झालेले पाहून आत जे धुमसते ना, ते जळणे. हा स्वभाव मला जन्मापासून आहे. तो तुमच्यापासून लपवून काय उपयोग? डाग लपत नाहीत, हे बिटाच्या रसात बुडालेल्या कापडाइतके कुणाला ठाऊक असणार!

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. खाली दुकान, वर घर आणि मधे अकरा पायऱ्यांचा लाकडी जिना. त्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत, म्हणून मीही मास्तरच म्हणते. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, आणि नजर अशी की गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याच्या खांद्याचा उतार मोजून झालेला असे. मी ज्या ताग्यातून निघाले त्या मलमलीची मास्तरांनी कुणाच्या तरी नव्या बाळासाठी सहा झबली शिवली. मऊ, पांढरीशुभ्र, गळ्याशी बारीक फीत लावलेली. झबली कागदात गुंडाळून कौतुकाने निघून गेली. उरलेला तुकडा चिंध्यांच्या टोपलीत पडला. तो तुकडा मी. एकाच ताग्यातली भावंडे, पण ती चालली बाळाच्या गुबगुबीत अंगाला बिलगायला आणि मी पडले कोटाच्या अस्तराच्या कातरणांखाली! माझा पहिला मत्सर तो.

टोपलीतून मला बाहेर काढले ते मास्तरांच्या पोटाने. तीस वर्षे एका जागी बसून काम केल्यावर पोट तरी किती दिवस गप्प बसणार? सकाळी पोट साफ होत नसे, दुपारी ते फुगे, आणि संध्याकाळी मास्तर शर्टाच्या खालच्या दोन गुंड्या सोडून बसत. मास्तरांच्या बायकोने, म्हणजे बाईंनी, कुणाकुणाला विचारून रोज ताजा रस द्यायचे ठरवले. गाजर, काकडी, अर्धे बीट, एखादे सफरचंद आणि बोटाच्या पेराएवढे आले. किसणीवर किसायचे, चहाच्या गाळण्यात घालून चमच्याने दाबायचे, वर लिंबू पिळायचे. पहिल्या दिवशी बाई मोठ्या आशेने ग्लास घेऊन जिना उतरल्या. मास्तरांनी तो उजेडाकडे धरला, डोळे बारीक केले आणि न पिताच परत दिला.

"यात धागे आहेत," ते म्हणाले.

मित्रांनो, ही गोष्ट नीट लक्षात घ्या. शिंप्याला धागा म्हणजे देव, पण सुटलेला धागा म्हणजे वैरी. मास्तरांच्या हातून बाहेर पडलेल्या कपड्यावर एक लोंबता धागा कुणी दाखवावा, असे त्यांचे उघड आव्हान होते. तयार कपडा ते खिडकीत धरून उलटा-सुलटा न्याहाळत आणि छोट्या कात्रीने टोके कापत. तीच नजर त्यांनी गाजराच्या रसाला लावली. गाजराचा तंतू काय आणि सदऱ्याचा दोरा काय, त्यांना दोन्ही सारखेच. बाईंनी समजूत घातली, रागावूनही पाहिले. शेवटी मास्तर उठले, टोपलीत हात घातला आणि मला वर काढले.

त्या दुपारी त्यांनी मला जसे शिवले तशी कोटाची खांदपट्टीही कुणी शिवत नसेल. शिवण दुहेरी, कडा आत दुमडलेल्या, टाके इतके बारीक की मोजायला भिंग लागावे. तोंडाशी नाडी ओवली आणि मला बाईंच्या हातात देत ते म्हणाले, "यातून एक धागा गेला तर मास्तर म्हणू नका मला."

दुसऱ्या दिवशी माझ्यातून पहिला रस निघाला. ग्लासात लालचुटुक, स्वच्छ, काचेच्या पलीकडचे बोट दिसावे असा. मास्तरांनी तो उजेडात धरला, फिरवला आणि एका दमात पिऊन टाकला. "आता कसं!" एवढेच म्हणाले. पण बाई वर येऊन मला म्हणाल्या, हो, मलाच, की तू माझी लाज राखलीस. चिंध्यांच्या टोपलीतून आलेल्या तुकड्याला आणखी काय हवे?

पुढची आठ वर्षे माझी होती. सकाळी अकराला मास्तरांचा रस. त्याआधी अर्धा तास बाई भाज्या धुऊन, शेंडे-बुडखे उडवून किसायला बसत. किसलेले सगळे माझ्या पोटात भरायचे, नाडी आवळायची आणि पातेल्यावर धरून पिळायचे. बाईंच्या मनगटात जोर होता. आधी रस धारेने येई, मग थेंबाथेंबाने, आणि शेवटी बाई मला असा पीळ देत की माझ्या टाक्यांना घाम फुटे. चोथा माझ्यात कोरडा गोळा होऊन राही. तो बाई केराच्या डब्यात झटकत, मला लगेच उलटी करून वाहत्या पाण्याखाली धूत आणि गच्चीवरच्या दोरीवर उन्हात घालत. ही लगेच धुण्याची सवय होती म्हणून मी इतकी टिकले. एकदाच त्या विसरल्या आणि मी दिवसभर ओली पडून राहिले, तर संध्याकाळी माझ्या अंगाला असा आंबूस वास सुटला की मला माझीच शिसारी आली.

कौतुक कमी झाले नाही, पण माझा स्वभावही सुटला नाही. शेजारीण म्हणे, काय धार आहे हो तुमच्या किसणीला! झाले, आठवडाभर मी त्या किसणीला पाण्यात पाहत होते. दोरीवर माझ्या शेजारी उशीचे अभ्रे वाळत, पांढरेशुभ्र. आणि मी? बिटाने गुलाबी, पालकाने हिरवी, गाजराने पिवळी. सगळे माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावे तसे बघत. मी मनाशी म्हणायची, बघा, खुशाल बघा. तुमच्यावर नुसती डोकी टेकतात. माझ्यावर एका माणसाचे पोट चालते.

मग घरात सून आली आणि दोन वर्षांनी तिच्या मागोमाग ते यंत्र आले.

सून गुणी होती, हे मला कबूल करावे लागते. मुलगा कामासाठी दुसऱ्या गावी राहत असे आणि महिन्यातून एकदा घरी येई. सून इथेच एका कचेरीत नोकरी करून सासूसासऱ्यांचे पाहत होती. बाईंचा डावा अंगठा पिळून पिळून दुखायला लागला, हे तिच्या लक्षात आले, म्हणून तिने ते यंत्र आणले. पांढरे, गोलमटोल, वर पारदर्शक भांडे आणि आत मधोमध बारीक जाळी. वरून गाजर घातले, बटण फिरवले, की घुर्र करून खाली रस आणि आत चोथा. दोन मिनिटांत काम फत्ते. मी अर्धा तास घेत होते. शेजारीण बघायला आली, तिची बहीण बघायला आली. मी ओट्यावरच्या भिंतीतल्या माझ्या खिळ्यावरून बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

नव्याचे नऊ दिवस, असे मी स्वतःला समजावले. ते नऊ दिवस झाले, नव्वद झाले. यंत्राला ओट्यावरची खिडकीजवळची जागा मिळाली. बाई त्याला रोज पुसू लागल्या. आणि एके दिवशी मास्तर जिना चढून वर आले, त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि त्या यंत्राची मापे घेतली. उंची, घेर, बटणाची जागा. दुपारपर्यंत त्याची खोळ तयार. निळ्या फुलांचे कापड, कडेला पांढरी पट्टी, वर उचलायला छोटा बंद. मला नाडी ओवून दिली होती तेव्हा माझा केवढा थाट वाटला होता! आणि ह्या आयत्या बिळावरच्या नागोबाला फुलाफुलांचे कापड? ज्या हातांनी मला शिवले त्याच हातांनी! मित्रांनो, त्या दिवशी मी जितकी जळले तितकी आयुष्यात कधी जळले नव्हते. ते यंत्र फुटावे, त्याची वायर उंदराने खावी, असे काहीबाही मनात येत राहिले.

माझी एकटीचीच ही गत नव्हती. बाई तोंडाने सुनेचे कौतुक करत, पण अकरा वाजता ग्लास घेऊन जिना उतरताना पूर्वीसारख्या गुणगुणत नसत. आता रसात त्यांचा हातच नव्हता ना.

आणि मग संधी आली. यंत्राची जाळी जराशी सैल पडली असावी. मास्तरांनी ग्लास उजेडात धरला आणि म्हणाले, "धागा." एवढाच शब्द. बाई दोन-दोन पायऱ्या गाळत वर आल्या, मला खिळ्यावरून काढले आणि यंत्राचा रस माझ्यातून पुन्हा गाळला. ग्लासात पाणी असावे तसा तो नितळ झाला. सून म्हणाली, आई, एकदा गाळलेला पुन्हा कशाला गाळायचा? बाई म्हणाल्या, "अगं, त्यांना असाच लागतो. मला माहीत आहे ना." त्या 'मला'वर जो जोर होता तो माझाही होता. त्या दिवसापासून दुहेरी गाळणे सुरू झाले. आधी यंत्र, मग मी. शेवटचा शब्द माझा. मी खिळ्यावर लटकताना खोळीतल्या त्या गोलमटोल पाहुण्याकडे बघून घेई.

यंत्रामुळे रस सोपा झाला होता, म्हणून तो आता दोन वेळा होऊ लागला. सकाळी मोठा ग्लास, संध्याकाळी मोठा ग्लास. मास्तरांनी मग ताटातली भाजी बाजूला सारली. सगळ्या भाज्या रसात आल्याच की, ते म्हणत, परत चावत कशाला बसायचे? सफरचंद, पेर, काकडी, जे म्हणून दातांनी खायचे ते त्यांनी सोडले. आणि पोट? ते सुधारायचे सोडून बिघडत गेले. दोन दोन, तीन तीन दिवस पोट साफ होईना. मास्तर मशीनवरून उठून पोट धरून फेऱ्या मारू लागले. गरम पाण्याची पिशवी दुकानात आली. तिचाही मला हेवा वाटला, कारण ती थेट त्यांच्या पोटावर बसत होती.

एका शिक्षकाचा कोट बेतताना मास्तरांच्या पोटात कळ आली आणि त्यांनी दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. ते कापड टेबलावर तसेच ठेवून वर आले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. संध्याकाळी सुनेने फोनवर नवऱ्याला सगळे सांगितले. त्याचे म्हणणे तिने जड मनाने सासऱ्यांना ऐकवले. तब्येत अशीच राहणार असेल तर या महिनाअखेर दुकानाला कुलूप लावावे, वय झाले, आता आराम करावा. मास्तर हळूच म्हणाले, "आराम म्हणजे काय करायचं असतं?"

आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मला लाज वाटते. त्या संध्याकाळी मला आनंद झाला. बाई सुनेला म्हणाल्या की हे सगळे त्या यंत्रामुळे, माझ्या हातचा रस होता तोवर ठीक चालले होते. आणि मी खिळ्यावर फुलून गेले. आता यंत्र जाईल, असे मला वाटले. जो माणूस पोट धरून पडला होता त्यानेच मला चिंध्यांतून उचलले होते, हे माझ्या ध्यानातसुद्धा आले नाही. दुखत होते त्यांचे पोट आणि मी हिशेब करत होते माझ्या खिळ्याचा.

दुसऱ्या दिवशी तिघे डॉक्टरीणबाईंकडे गेले. तिघे म्हणजे मास्तर, बाई आणि सून. चौथी मी. बाईंनी मला घडी घालून पर्समध्ये घेतले होते. यंत्राविरुद्ध साक्षीला मी. दवाखान्यात नेलेली रस गाळायची पिशवी जगात मी एकटीच असेन, आणि पर्सच्या अंधारात रुमाल आणि किल्ल्यांच्या जुडग्यामध्ये मी राणीसारखी बसले होते.

डॉक्टरीणबाई वयाने लहान पण शांत होत्या. त्यांनी मास्तरांचे पोट दाबून पाहिले, काय खाता, किती पाणी पिता, किती वेळ बसता, सगळे विचारले. बाईंनी रसाची हकिगत सांगितली. किती ताजा, किती मेहनतीचा. मग डॉक्टरीणबाईंनी विचारले, "आणि चोथ्याचं काय करता?"

याच प्रश्नाची बाई वाट पाहत असाव्यात. त्यांनी पर्स उघडून मला टेबलावर ठेवले. "टाकून देते. हे बघा ना, हिच्यातून गाळते. यंत्रातून निसटतील, हिच्यातून एक धागा म्हणून ग्लासात जात नाही."

डॉक्टरीणबाईंनी मला उचलले. खिडकीकडे धरले, उलटी करून शिवण पाहिली, बोटाने टाके चाचपले. आता शाबासकी येणार म्हणून मी ताठ झाले.

"शिवण कुणाची?" त्यांनी विचारले.

"माझी," मास्तर म्हणाले.

"सुरेख आहे. पण मास्तर, तुमच्या पोटाला जे हवं आहे तेच ही अडवून ठेवते. आधी यंत्राची जाळी अडवते, त्यातून निसटलेलं ही अडवते. त्यात तुम्ही भाजी सोडलीत, फळं चावायची सोडलीत. खाली उरतं ते रंगीत गोड पाणी."

मास्तर म्हणाले की धागा त्यांच्या घशाखाली उतरत नाही, धागा म्हणजे कामातली कसर.

"मशीनखाली कापडच घातलं नाही आणि नुसते पाय मारत बसलं, तर काही शिवलं जाईल का?" डॉक्टरीणबाईंनी विचारले. "आतड्यांचं तसंच आहे. पुढे ढकलायला त्यांना काहीतरी लागतं. ते काहीतरी तुम्ही रोज केराच्या डब्यात टाकताय."

मग त्यांनी सांगितले की रस प्यायचा तर न गाळता, चोथ्यासकट प्यायचा. ताटात भाजी हवीच, फळ चावून खायचे, पाणी भरपूर, आणि तासातासाने मशीनवरून उठून जिना एकदा चढायचा-उतरायचा. महिनाभराने पुन्हा दाखवायला यायचे. सुनेने दुकानाचे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "दुकान कशाला बंद करताय? गाळणं बंद करा."

परतीच्या वाटेवर बाईंनी मला पर्समध्ये ठेवले, पण या वेळी घडी नीट नव्हती. यंत्राला अपशकुन करायला निघाले होते, आपलेच नाक कापून आले.

निदान यंत्रही बाद होईल, एवढा एक दिलासा उरला होता. तोही गेला. सुनेने घरी येताच यंत्र उघडले आणि मधली जाळी खटकन काढून ठेवली. जाळी काढली तरी यंत्र यंत्रच राहिले. गाजर, काकडी, सफरचंद, थोडे पाणी, सगळे आतच गरगर फिरून जाडसर झाले आणि तसेच ग्लासात उतरले. माझ्यातून गाळणे काढले तर काय राहते, मित्रांनो? कोऱ्या कापडालासुद्धा काहीतरी होता येते. मला तर एकच काम येत होते आणि तेच चुकीचे ठरले होते.

मी खिळ्यावर राहिले. पहिल्या दिवशी मास्तरांनी चष्मा काढून ठेवला, म्हणजे धागे दिसू नयेत, आणि नाक दाबून ग्लास संपवला. दुसऱ्या दिवशी निम्माच घेतला. हळूहळू सवय झाली. सून संध्याकाळी कचेरीतून येताना पेर आणायची आणि सासऱ्यांच्या समोर बसून दोघेही सालीसकट खायचे. कुणी माझ्याकडे वर बघत नव्हते. माझ्यावर धूळ बसली, नाडी कडक झाली. रोज अकराला यंत्र घुरघुरले की मला वाटे, सगळे माझ्यावरच हसत आहेत. पण खालून मशीनचा आवाज पूर्वीपेक्षा जास्त वेळ येऊ लागला होता. मधे मधे तो थांबे, जिना वाजे, अकरा पायऱ्या वर, अकरा पायऱ्या खाली, आणि पुन्हा मशीन सुरू. गरम पाण्याची पिशवी कपाटात गेली. शिक्षकाचा कोट नव्या बाह्या लागून रवाना झाला. मुलाने फोन केला तेव्हा मास्तरांनी कुलपाचा विषय काढूच दिला नाही.

महिना संपायला चार दिवस होते. सून कचेरीत गेली होती. मास्तर सकाळपासून कुरकुरत होते, आज तो लगदा नको, घशाशी येतो. बाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या. त्यांनी यंत्राच्या भांड्याकडे पाहिले, आणि मग वर, माझ्याकडे.

"आजच्या दिवस," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

मला खिळ्यावरून काढले, धुतले, झटकले. किती दिवसांनी ते मनगट! किती दिवसांनी ती नाडीची गाठ! जाडसर रस माझ्यात ओतला, नाडी आवळली आणि पीळ दिला. ज्या क्षणासाठी मी एवढी जळत होते तो माझ्या पुढ्यात होता. यंत्र खोळीत गप्प होते आणि बाई पुन्हा गुणगुणत होत्या. मी अगदी खूश व्हायला हवे होते. पण पीळ बसत होता तसतसे मला कळत होते की जे मी घट्ट धरून ठेवले आहे ते मास्तरांचे आहे. आयुष्यात प्रथमच मला वाटले, माझी एखादी शिवण उसवावी. पण ती मास्तरांची शिवण होती. ती कशाला उसवते? थेंब थेंब पडत राहिले, लाल आणि नितळ.

जिना वाजला. तासाची फेरी घालत मास्तर वर आले आणि दारात थांबले. ओट्यावर तो ग्लास होता, पूर्वीसारखा, पलीकडचे बोट दिसावे असा. त्यांचे डोळे त्याच्यावर खिळले. मी सांगते, त्यांना तो हवा होता. दोन पावले टाकून त्यांनी तो हातात घेतला, सवयीने उजेडाकडे धरला आणि बराच वेळ बघत राहिले.

मग त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि बाईंच्या हातून मला घेतले. खिशातली छोटी कात्री काढली, तीच, धागे कापायची.

"अहो, राहू द्या," बाई म्हणाल्या. "मी नाही परत गाळणार. चांगली शिवण आहे, कशाला उसवताय?"

"माझीच शिवण आहे," मास्तर म्हणाले, "मीच उसवतो."

त्यांनी माझ्या तळाची शिवण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापली. दुखले, मित्रांनो. खोटे कशाला बोलू? पोटात धरलेला सगळा चोथा धपकन पातेल्यात पडला. मास्तरांनी त्यावर तो नितळ रस ओतला, चमच्याने ढवळला, पुन्हा ग्लासात भरला आणि चष्मा न काढता प्यायले. मिशीला गाजराचे तंतू लागले होते. ते पुसायला त्यांना हाताशी काही मिळाले नाही, म्हणून त्यांनी मलाच वापरले.

आता मी पिशवी नाही. बाकीच्या शिवणीही मास्तरांनी त्याच दुपारी बसून उसवल्या आणि मी सपाट झाले. स्वयंपाकघरातले फडके म्हणून मी राहते. बाई माझ्याने यंत्राचे भांडे पुसतात. होय, त्याच यंत्राचे! त्याची निळ्या फुलांची खोळ अजून नवीकोरी आहे, आणि ती पाहिली की आजही माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. स्वभावाला औषध नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना जपा. काम झाले की लगेच धुवा, उन्हात वाळवा, ओले कोंबून ठेवू नका. पण जी वस्तू तुमच्या फार आवडीची असेल, जिचे तुम्ही सर्वांपुढे गुण गाता, तिला कधीतरी उलटी करून बघत चला, ती काय अडवून ठेवते आहे ते. मला इतकी वर्षे कुणी तसे पाहिले नाही, आणि मीही स्वतःला पाहिले नाही.

खाली मशीन चालू आहे. ते माझ्यामुळे चालत नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. तरी ते बंद पडू नये, असे मला मनापासून वाटते.